सहलीतलं माझं सर्वात आवडतं ठिकाण : ताजमहाल हॉटेल आणि ते उभारणारे जमशेदजी टाटा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीची चर्चा सुरू होते. आपल्या घाटनांदूरहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्यामुळे कुठे जायचं, काय पाहायचं याची यादी आधीच पक्की करावी लागते. मुलांची यादी ठरलेली असते. आधी पाळणे, घसरगुंड्या आणि पाण्याचे खेळ असलेली मनोरंजन उद्यानं, मग राणीची बाग, मग समुद्र. गेटवे ऑफ इंडिया यादीत शिक्षकांच्या आग्रहाने येतं, आणि गेटवेच्या समोरचं ताजमहाल हॉटेल तर फक्त फोटोच्या मागे दिसण्यापुरतं.

माझी आवड मात्र उलटी आहे. मुंबईतल्या सगळ्या प्रेक्षणीय स्थळांत मला हे हॉटेल सर्वात जास्त आवडतं. बाहेरून पाहायला तिकीट लागत नाही हे एक कारण, आणि त्याच्यामागे उभा असलेला माणूस हे दुसरं. आजच्या पाठात त्या माणसाचं चरित्र पाहू.

बालपण आणि शिक्षण

जमशेदजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारी गावी झाला. घराणं पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजी यांनी पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. चौदाव्या वर्षी जमशेदजी वडिलांकडे मुंबईला आले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. वाचनाची गोडी तिथेच लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

१८५९ मध्ये वडिलांनी त्यांना व्यापारासाठी हाँगकाँगला पाठवलं. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. मुंबईतले भलेभले व्यापारी बुडाले. जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होते आणि घराण्याला मोठा फटका बसला. बाजारभाव कोसळला की घरात काय होतं, हे आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हा प्रसंग वर्गात जरूर सांगा.

कापूस पिकतो तिथे गिरणी

१८६८ मध्ये एकवीस हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची व्यापारी पेढी काढली. दुसऱ्याच वर्षी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी नफ्यात विकली.

मग त्यांनी एक निर्णय घेतला, जो त्या वेळी अनेकांना वेडेपणा वाटला. मुंबई सोडून त्यांनी नागपुरात गिरणी काढायचं ठरवलं. त्यामागचा हिशेब सरळ होता. कापूस विदर्भात पिकतो, मग तो मुंबईपर्यंत वाहून न्यायचा कशाला? कच्चा माल जवळ, कोळसा फार लांब नाही आणि रेल्वे दारात. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली.

या गिरणीत त्यांनी नवी यंत्रं आणली. त्याचबरोबर हवा खेळती राहावी, कापसाची धूळ कमी व्हावी आणि आग लागली तर पाण्याचे फवारे सुटावेत अशी सोय केली. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली, तर १८९५ मध्ये अपघातात जखमी होणाऱ्यांना भरपाई देणं सुरू केलं. तेव्हा आपल्या देशात असा कायदाही नव्हता. बीड जिल्ह्यातले हजारो आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. कामावर इजा झाली तर कोण बघणार, हा प्रश्न आपल्या मुलांच्या घरातला आहे. म्हणून टाटा म्हणजे फक्त श्रीमंत माणूस, एवढ्यावर पाठ थांबवू नये.

जग फिरून पाहणारा माणूस

जमशेदजींना प्रवासाची हौस होती आणि जिथे जातील तिथे बारकाईने पाहायची सवय होती. १८९३ मध्ये जपानहून अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर ते आणि स्वामी विवेकानंद एकत्र होते. स्वामीजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघाले होते आणि जमशेदजी तिथल्याच जागतिक प्रदर्शनासाठी.

मुलांना आवडेल अशी एक माहिती इथे सांगता येते. पहिला महाकाय आकाशपाळणा याच शिकागोच्या प्रदर्शनात उभारला गेला. उंची सुमारे ८० मीटर, ३६ डबे आणि एका डब्यात ६० माणसं! आज आपल्या यात्रा-जत्रांत आणि मोठमोठ्या मनोरंजन उद्यानांत जो पाळणा फिरतो, त्याचं हे थोरलं भावंड. त्या काळी अशी प्रदर्शनं म्हणजे करमणूक, शिक्षण आणि व्यापार यांचा एकत्र मेळा असायचा. लाखो लोक परगावाहून येत आणि त्यांच्यासाठी मोठमोठी हॉटेलं असत. चांगली सोय असेल तर लोक दूरवरून येतात आणि ते आले की शहराचं चलनवलन वाढतं, हे जमशेदजी परदेशात पाहत होते.

हॉटेल कशासाठी बांधलं?

आता मुख्य मुद्दा. ताजची गोष्ट आपण सगळ्यांनी एकाच प्रकारे ऐकलेली असते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. तिथे जमशेदजींना दारातून परत पाठवलं आणि त्या अपमानाचा सूड म्हणून त्यांनी त्याहून भव्य हॉटेल बांधलं. भाषणांत ही गोष्ट टाळ्या घेते. पण या प्रसंगाला त्या काळातला भक्कम पुरावा मिळत नाही. वॉटसन हॉटेल मात्र खरंच होतं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणला होता आणि जुलै १८९६ मध्ये भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ तिथेच झाला. ती इमारत काळा घोडा भागात आजही उभी आहे.

मग खरं कारण कुठे शोधायचं? त्या वर्षांची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. हजारो माणसं दगावली, लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडल्या. मुंबई आता संपली असं अनेकांना वाटत होतं. नेमक्या त्याच सुमारास, १८९८ च्या आसपास, अपोलो बंदराजवळच्या जागेवर जमशेदजींनी हॉटेलाचं काम सुरू केलं. शहरावरचा लोकांचा विश्वास परत यावा आणि परदेशी पाहुण्यांनी मुंबईत यावं ही त्यांची इच्छा होती. यासाठी त्यांनी स्वतःचा पैसा घातला. घरच्यांनाही हे फारसं पटलं नव्हतं. गिरण्या चालवणाऱ्या माणसाने खाणावळ कशाला काढायची, असं त्यांना वाटायचं.

इमारतीचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीय वास्तुरचनाकारांनी केले. आपल्या मुलांना वैद्यांचं नाव आवर्जून सांगा. काम पूर्ण होण्याआधीच वैद्य वारले आणि पुढची जबाबदारी चेंबर्स या इंग्रज वास्तुरचनाकाराने पार पाडली. इथे आणखी एक दंतकथा चिकटली आहे : हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि त्या दुःखाने वास्तुरचनाकाराने जीव दिला. हेही खरं नाही. मुख्य दरवाजा मुळातच शहराच्या बाजूला ठेवला होता, कारण घोडागाड्या तिकडूनच येत. पुढे प्रवेश समुद्राच्या बाजूने सुरू झाला.

सामानाची खरेदी जमशेदजींनी स्वतः युरोपात फिरून केली. विजेची यंत्रं जर्मनीतून आणली, दालनातले लोखंडी खांब पॅरिसहून. विजेवर चालणारे पाळणे म्हणजे लिफ्ट, पंखे, बर्फ आणि सोडा तयार करायची यंत्रं, कपडे धुण्याचा कारखाना, तुर्की पद्धतीचं स्नानगृह अशा सोयी त्यांनी एका छपराखाली आणल्या. विजेच्या दिव्यांनी उजळलेली मुंबईतली ही पहिली इमारत मानली जाते.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झालं. सगळं बांधकाम पूर्ण झालं नव्हतं, एकच भाग तयार होता. पहिल्या दिवशी पाहुणे होते फक्त सतरा. आणि हो, समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हताच! गेटवेचं उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये झालं. म्हणजे हॉटेल गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी मोठं आहे. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास घ्या, बहुतेक मुलं चुकतात.

चार स्वप्नं, पाहिलं एकच

जमशेदजींच्या मनात चार मोठी कामं होती : पोलादाचा कारखाना, विज्ञानाची उच्च शिक्षणसंस्था, पाण्यापासून वीज आणि हे हॉटेल. हॉटेल सुरू झालं आणि पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतल्या बाड नाउहाइम गावी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी थोडं आधी पत्नी हिराबाई गेल्या होत्या. इंग्लंडमधल्या ब्रुकवुड इथे त्यांचं दफन झालं. चारपैकी एकच स्वप्न त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

बाकीची तीन मुलांनी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण केली. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. पोलादाची कंपनी १९०७ मध्ये निघाली, १९१२ मध्ये पहिलं पोलाद बाहेर पडलं आणि साकची गावाला पुढे जमशेदपूर हे नाव मिळालं. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. आज आपल्या सहलीच्या बस ज्या खोपोलीजवळच्या मनोरंजन उद्यानात जातात, तेच हे खोपोली. मुलं पाळण्यात बसण्याआधी ही गोष्ट बसमध्ये सांगता येते.

हॉटेलानेही पुढे पुष्कळ पाहिलं. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचं रुग्णालय झालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पाहुण्यांना वाचवताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली.

आत जाता येतं का?

ताजसमोर उभं राहिल्यावर खेड्यातून आलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. सर, आपल्याला आत जाता येतं का? प्रश्न साधा आहे, पण त्यात कपड्यांचा, भाषेचा, पैशाचा संकोच दडलेला असतो. जातीवरून, गरिबीवरून, बोलीवरून कधी ना कधी टोमणा ऐकलेली मुलं आपल्या वर्गात असतात.

म्हणूनच मला ती सुडाची गोष्ट सांगावीशी वाटत नाही. मोठं व्हायचं ते अपमान करणाऱ्याला दाखवून देण्यासाठी, असं मुलाच्या मनात बसलं, तर आयुष्यभर तो त्याच माणसाच्या नजरेने स्वतःला मोजत राहतो. जमशेदजींचं आयुष्य वेगळं सांगतं. व्यापार बुडाला, ते पुन्हा उभे राहिले. शहर आजारी पडलं, त्यांनी तिथेच पैसा गुंतवला. तीन कामं आपल्या हयातीत होणार नाहीत असं दिसत असूनही त्यांची आखणी नीट करून ठेवली.

आणि मुलांच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं. हॉटेल सगळ्यांना खुलं आहे, पण तिथला खर्च आपल्याला परवडणारा नाही. जमशेदजींनी आणखीही दारं उघडून ठेवली आहेत. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना मदत म्हणून त्यांनी १८९२ मध्ये एक निधी सुरू केला. सुरुवातीच्या लाभार्थ्यांत कृष्णाबाई केळवकर या मराठी डॉक्टर होत्या. तो निधी आजही शिक्षणासाठी कर्ज देतो. बंगळुरूच्या संस्थेत अभ्यासाच्या बळावर जाता येतं, तिथे आडनाव किंवा कपडे कोणी विचारत नाही. घाटनांदूरच्या मुलाला ते दार लांब आहे, बंद नाही. हे त्याला कळावं, एवढ्यासाठी तरी सहलीत ताजसमोर दहा मिनिटं थांबा.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम

१. नागपूरला गिरणी काढण्याची तीन कारणं मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. मग विचारा : आपल्या गावात कोणता उद्योग निघू शकेल आणि का?

२. १८३९ ते १९२४ ही कालरेषा फळ्यावर काढा. त्यावर एम्प्रेस मिल, शिकागोचं प्रदर्शन, प्लेग, ताज, खोपोली आणि गेटवे योग्य जागी मांडून घ्या.

३. आपल्या गावातल्या देवळाबद्दल, बारवेबद्दल किंवा रेल्वे स्टेशनबद्दल ऐकलेली एखादी दंतकथा मुलांनी आजी-आजोबांकडून लिहून आणावी. त्यातलं खरं किती, हे कसं तपासता येईल यावर वर्गात चर्चा करा.

४. पालकांसाठी : तुम्ही सुरू केलेलं पण मुलांनी पूर्ण करावं असं वाटणारं एखादं काम आहे का? जेवताना घरात यावर जरूर बोला.