उंबरठ्यावरचा चाकर

आजचे वाचन: स्तोत्र ८४:१०

देवाच्या घराच्या उंबरठ्याविषयी वाचताना मला पाळक जॉर्ज हर्बर्ट आठवले. जन्म १५९३, घराणं मोठं. १६२० साली केंब्रिज विद्यापीठाचे अधिकृत वक्ते झाले. राजाला लॅटिनमध्ये पत्रं लिहायची, पाहुण्यांसमोर भाषणं करायची. पुढे पार्लमेंटमध्येही बसले. दरबारातली मोठी जागा जवळ दिसत होती. पण १६२५ मध्ये राजा जेम्स वारला आणि ती आशा मावळली. हर्बर्टनी सगळं हसत सोडलं असं मला वाटत नाही. त्यांच्या कवितांत देवाशी चक्क भांडण आहे!

१६३० मध्ये ते सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन गावी पाळक झाले. चर्च अगदी लहान. पाळकाचं मोडकळीस आलेलं घर त्यांनी पदरच्या पैशाने बांधून काढलं. आठवड्यातून दोनदा ते सॉल्सबरीच्या कॅथेड्रलला उपासनेसाठी चालत जात. चरित्रकार आयझाक वॉल्टन सांगतात, एकदा वाटेत एका गरिबाचा घोडा ओझ्याखाली कोसळला होता. हर्बर्टनी पाळकाचा झगा काढला, ओझं उतरवलं, घोडा उठल्यावर परत लादलं आणि तसेच मळलेल्या कपड्यांनी मित्रांच्या संगीताच्या बैठकीला गेले. मित्रांना ते काही रुचलं नाही.

तीन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. १६३३ च्या मार्चमध्ये क्षयाने गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. जाण्यापूर्वी त्यांनी कवितांची वही मित्र निकोलस फेरार यांच्याकडे पाठवली. निरोप असा की, एखाद्या खचलेल्या जिवाला उपयोगी वाटली तर छापा, नाहीतर जाळून टाका.

फेरार यांनी त्याच वर्षी ती छापून घेतली.