प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला

माघातल्या रात्री सोनपेठच्या शिवारात ज्वारीची राखण करणाऱ्या आमच्या बंधूंस मृग नक्षत्र निराळे दाखवावयास नको. तिकांडे कोठवर आले हे पाहून रात्र किती झाली हे ते सांगतात. ईयोबाच्या पुस्तकातही ह्या नक्षत्राचे नाव आले आहे. तिकांड्याच्या किंचित दक्षिणेस तीन मंद तारे ओळीने आहेत. त्यांतील मधला धुक्याच्या ठिपक्यासारखा दिसतो. तो निव्वळ तारा नव्हे, तेजोमेघ होय. आणि लहानशा दुर्बिणीतून पाहिल्यास त्याच्या पोटात चार ताऱ्यांचा गुच्छ दृष्टीस पडतो. ह्या तेजोमेघाविषयी पुण्याहून खरी साक्ष देणाऱ्या एका पारशी गृहस्थांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

कावसजींचा जन्म १८५७ साली झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच अध्यापक झाले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी ह्यांनी वेधशाळेसाठी पाच हजार रुपये दिले व मुंबई सरकारनेही तेवढीच भर घातली. पुढे कावसजींची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ साली तेथे वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

त्या वेळी इंग्लंडातील सुप्रसिद्ध ज्योतिषी नॉर्मन लॉकियर ह्यांचे मत असे होते की, तेजोमेघ हे उल्कांचे थवे असून त्यांच्या प्रकाशातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियम धातूची आहे. तसे असते तर ती रेषा एका बाजूस पसरट दिसावयास हवी होती. कावसजींनी मृगातील तेजोमेघाचा प्रकाश लोलकयंत्रातून पृथक् करून पाहिला, तो रेषा दोन्ही बाजूंनी बारीक व रेखीव आढळली. एवढ्या मोठ्या पंडिताविरुद्ध बोलण्यात धोका होता. तथापि जे दिसले तेच त्यांनी १८९१ साली लंडनच्या ज्योतिषमंडळाच्या मासिकात छापविले. ती रेषा विरळ प्राणवायूची आहे, हे पुढे सुमारे छत्तीस वर्षांनी सिद्ध झाले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतले. त्याच ग्रहणासाठी लॉकियरसाहेब विजयदुर्गास आले होते.

१९१२ साली कावसजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी काम चालविणारा कोणी नेमला गेला नाही. वेधशाळा बंद झाली आणि ती थोर दुर्बीण कोडाईकनालास पाठविण्यात आली. चोवीस वर्षे जपलेले घर त्यांच्या डोळ्यांदेखत मोडले. १९३८ साली ते निवर्तले.

वाचकहो, इमारती मोडतात, यंत्रे दुसऱ्याच्या हाती जातात. खरी साक्ष मात्र राहते. कावसजी आमच्या धर्माचे नव्हते, तरी देवाच्या हस्तकृतीविषयी त्यांनी एक शब्दही वाढवून सांगितला नाही व भिऊन एकही गाळला नाही. मंडळीच्या पंचायतीत किंवा गावच्या चावडीवर मोठ्यांच्या मुखाकडे पाहून साक्ष बदलण्याचा मोह आम्हांस होतो, तेव्हा तिकांड्याखालचा तो अंधुक ठिपका आम्ही आठवावा.