कप्तान कुक : त्याची विद्या व त्याचें निशाण

इंग्रजांचें साम्राज्य समुद्रावर उभें राहिलें, हें आपण सर्वांनीं शाळेंत घोकलें. परंतु तो समुद्र त्यांस वश झाला कसा, याचा विचार करणारे थोडे. तोफांचें बळ त्यांत होतेंच; पण होकायंत्र, नकाशा व गणित यांचें बळ तितकेंच होतें. हें ज्याच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें, त्या कप्तान जेम्स कुक याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें, विशेषतः आमच्या व्यापारी वाचकांपुढें, ठेवीत आहों.

कुक याचा जन्म १७२८ सालीं यॉर्कशायरमधील मार्टन या खेड्यांत झाला. बाप शेतमजूर. मुलास प्रथम समुद्रकांठच्या एका दुकानांत ठेविलें. तेथें त्याचें मन रमेना, म्हणून व्हिटबी बंदरांतील जॉन वॉकर या गलबतवाल्याकडे तो उमेदवार राहिला. वॉकरचीं गलबतें लंडनला कोळसा नेत. त्या कामांतून सवड काढून हा मुलगा गणित व नौकानयन शिकला. १७५५ मध्यें व्यापारी गलबताचें कप्तानपद हातीं येत असतां तें नाकारून तो आरमारांत साधा खलाशी झाला. सेंट लॉरेन्स नदीच्या मोजणींत त्यानें भाग घेतला, आणि १७५९ मध्यें क्वेबेकवर चालून जातांना ती मोजणी इंग्रज आरमाराच्या उपयोगीं पडली.

१७६८ सालीं शुक्राचें अधिक्रमण पाहण्याकरितां ताहिती बेटाकडे मोहीम निघाली, तिचें आधिपत्य या शेतमजुराच्या मुलास मिळालें. त्याचें ‘एंडेव्हर’ गलबतही व्हिटबीसच बांधलेलें, मूळ कोळशाचें! या सफरींत त्यानें न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांस वळसा घालून त्यांचा नकाशा काढिला. खलाशांस आंबविलेला कोबी व ताजा भाजीपाला खावयास लावून स्कर्व्ही रोगास त्यानें दूर ठेविलें. दुसऱ्या सफरींत हॅरिसनच्या घड्याळाबरहुकूम केंडॉल यानें बनविलेलें घड्याळ त्यानें रेखांश काढण्यास वापरलें, आणि १७७३ च्या जानेवारींत दक्षिणध्रुववृत्त ओलांडलें. बाप कोण हें न पाहतां काम पाहून अधिकार देण्याचें शहाणपण इंग्रजांच्या आरमारखात्यानें येथें दाखविलें, आणि त्याचें फळ त्यांस मिळालें.

येथवर आम्ही मान लववितों. पुढें लववीत नाहीं. नवा प्रदेश तेथील रहिवाशांच्या संमतीनें ताब्यांत घ्यावा, अशी आरमारखात्याची गुप्त आज्ञा कुकच्या पेटींत होती. १७७० मध्यें बॉटनी उपसागरांत तो उतरूं लागला, तेव्हां दोघे रहिवासी भाले घेऊन आडवे आले, व त्यांजवर बंदूक झाडण्यांत आली. नकार याहून स्पष्ट तो कोणता? तरीही २२ ऑगस्ट रोजीं एका लहानशा बेटावर निशाण रोवून ऑस्ट्रेलियाचा सारा पूर्वकिनारा त्यानें आपल्या राजाच्या नांवें केला. कायद्याचा अभ्यास केलेल्या आम्हांस हें कृत्य अन्यायाचें तर वाटतेंच, पण धन्याच्या हुकुमाबाहेरचेंही वाटतें. ही भूमि जणूं बेवारस होती, या कल्पनेवर पुढें कायद्याची इमारत उभी राहिली. ती कल्पना ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ न्यायालयानें माबो खटल्यांत फेटाळली, पण केव्हां? १९९२ सालीं, म्हणजे निशाण रोवल्यास २२२ वर्षें लोटल्यावर!

कुकचा अंतही याच दोषामुळें झाला. चोरीस गेलेल्या एका होडीसाठीं हवाई बेटाच्या राजासच ओलीस धरावयास तो गेला, आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजीं किनाऱ्यावरील झटापटींत मारला गेला.

सारांश, वॉकरच्या पदरीं जसा कुक निपजला, तसा आपल्याही पेढीवर एखादा निपजेल. मात्र नोकराच्या पोरास हिशेबापलीकडची विद्या शिकण्याची सवड मालकानें दिली पाहिजे. कुकची उमेदवारी आम्हांस हवी. त्याचें निशाण नको. ज्या विद्येस परक्याच्या घराचा उंबरठा ओळखतां येत नाहीं, ती कितीही दूरवर पोंचली तरी अपुरीच होय.