दवाखाना न थाटलेला डॉक्टर

जपानमधले काही डॉक्टर आपण वैद्यकशास्त्राकडे का वळलो, हे सांगताना एका चित्रकथेचे नाव घेतात. चेहऱ्यावर शिवणीचा व्रण असलेला, परवान्याशिवाय शस्त्रक्रिया करणारा, अवाच्या सवा फी मागणारा ‘ब्लॅक जॅक’ हा त्या कथेचा नायक. त्याला जन्म देणारे ओसामू तेझुका जगाला ‘अॅस्ट्रो बॉय’मुळे विज्ञानकथेचे जादूगार म्हणून ठाऊक आहेत. पण ते रीतसर शिकलेले, राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेले डॉक्टर होते, हे फारसे कोणाला माहीत नसते.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाका इथला. बालपण ताकाराझुका या गावात गेले. किड्यांचे त्यांना वेड होते. भुंगेरे पकडायचे, त्यांची हुबेहूब चित्रे काढायची, हा त्यांचा उद्योग. ‘ओसामुशी’ नावाच्या एका भुंगेऱ्याशी आपले नाव जुळते, हे लक्षात आल्यावर त्यांनी आपल्या नावाला ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडले आणि तेच टोपणनाव आयुष्यभर वापरले. घरात वडिलांचा चित्रपट दाखवायचा प्रोजेक्टर होता. त्यावर डिस्नेचे चित्रपट पाहत ते वाढले.

युद्धाच्या काळात, शाळकरी वयात, त्यांच्या दोन्ही हातांना बुरशीचा संसर्ग झाला. गजकर्णाचाच तो तीव्र प्रकार. हात सुजले, चिघळले. हात गमवावे लागण्याची वेळ आली होती, असे ते पुढे सांगत. ओसाकातल्या एका डॉक्टरांच्या उपचारांनी हात वाचले आणि आपणही डॉक्टर व्हायचे, हे त्या मुलाने ठरवले. जून १९४५ मध्ये ओसाकावर झालेल्या बॉम्बहल्ल्यातून ते थोडक्यात बचावले. जळालेले शहर आणि माणसांची प्रेते त्यांनी जवळून पाहिली. पुढच्याच महिन्यात त्यांनी ओसाका विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रवेश घेतला.

वैद्यकी त्यांच्या घराण्यातही होती. त्यांचे पणजोबा र्‍योआन तेझुका हे डच पुस्तकांतून पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पिढीतले डॉक्टर. १८५८ मध्ये एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, देवीची लस टोचण्याचे केंद्र उभे राहिले. त्याच्या संस्थापकांत र्‍योआन यांचे वडील होते. पणजोबांच्या या काळावर तेझुका यांनी पुढे एक मोठी चित्रकथा लिहिली.

वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच, १९४६ मध्ये, त्यांची पहिली चित्रमालिका वृत्तपत्रात आली. १९४७ मधल्या ‘नवे खजिन्याचे बेट’ या पुस्तकाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. ‘लॉस्ट वर्ल्ड’, ‘मेट्रोपोलिस’, ‘नेक्स्ट वर्ल्ड’ या विज्ञानकथा त्यांनी विद्यार्थिदशेतच काढल्या. वर्गात व्याख्यान चालू असताना वहीत चित्रे उमटत. डॉक्टरी की चित्रकला, या पेचात असताना आईने त्यांना जे मनापासून आवडते तेच करण्याचा सल्ला दिला. त्यांनी चित्रकला निवडली. मात्र शिक्षण अर्धवट टाकले नाही. १९५२ मध्ये ते डॉक्टरांची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाले.

त्याच वर्षी ‘तेत्सुवान आतोमु’ म्हणजे अॅस्ट्रो बॉयची मालिका सुरू झाली. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव बनवतो. पण हा मुलगा वाढत नाही, हे लक्षात येताच तो त्याला सर्कशीला विकून टाकतो. एक लाख अश्वशक्तीचा हा यंत्रमानव माणसांच्या जगात आपली जागा शोधत राहतो. १ जानेवारी १९६३ पासून त्यावरची कार्टून मालिका दर आठवड्याला जपानी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. त्यासाठी तेझुका यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला होता. कमीत कमी चित्रांत हालचाल दाखवण्याच्या त्यांच्या काटकसरीतून आजच्या ‘अॅनिमे’ उद्योगाची घडी बसली.

या धबडग्यातही प्रयोगशाळा सुटली नव्हती. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या शुक्रपेशींचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून त्यांनी १९६१ मध्ये नारा वैद्यकीय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

पुढचा दशकभराचा काळ मात्र उताराचा ठरला. नव्या दमाचे चित्रकार आले, वाचकांची आवड बदलली आणि १९७३ मध्ये स्टुडिओचे दिवाळे निघाले. मावळत्या चित्रकाराला निरोप द्यावा, अशा हेतूने एका साप्ताहिकाने त्यांना मोजक्या भागांची मालिका देऊ केली. ती ‘ब्लॅक जॅक’. मोजक्या भागांच्या जागी २४० हून अधिक कथा झाल्या.

या कथांमध्ये वैद्यकातले अस्सल प्रश्न आहेत. ब्लॅक जॅकची छोटी मदतनीस पिनोको ही बहिणीच्या शरीरातल्या गाठीत सापडलेल्या अवयवांतून घडवलेली मुलगी. कथा अतिरंजित, पण केस आणि दात असलेल्या अशा गाठी, ज्यांना टेराटोमा म्हणतात, प्रत्यक्षात आढळतात. कितीही कुशल सर्जन झाला तरी मृत्यूपुढे त्याचे कुठवर चालते, हा प्रश्न या मालिकेत पुन्हा पुन्हा येतो. त्याआधीच्या ‘किरिहितोची गाथा’ या कथेत आपल्या प्रतिष्ठेसाठी रोगाचे चुकीचे कारण रेटणारा प्राध्यापक आहे आणि त्याची किंमत मोजणारा तरुण डॉक्टरही.

चुकाही झाल्या. तेझुका यांचे वैद्यकीय ज्ञान विद्यार्थिदशेतले होते. १९७७ मध्ये मेंदूवरच्या शस्त्रक्रियेचे एका कथेतले चित्रण चुकीचे आणि अपंगांवर अन्याय करणारे असल्याचा निषेध झाला. जाहीर माफी मागण्यात आली आणि ती कथा नंतर बदलून छापली गेली.

कामाचा वेग अफाट होता. सुमारे दीड लाख पाने, सातशेच्या आसपास कथा. गौतम बुद्धांच्या जीवनावरची त्यांची चित्रकथा दहा वर्षांहून अधिक काळ चालली. झोप मात्र कायम अपुरी. १९८८ मध्ये पोटाचे दुखणे उद्भवले, शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी प्रकृती पुन्हा ढासळली. निदान होते जठराचा कर्करोग. रुग्णाला मात्र ते सांगितले गेले नाही.

त्या काळच्या जपानमध्ये हीच रीत होती. निदान नातेवाइकांना कळे, रुग्णाला नाही. त्याच सुमारास आतड्याच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सम्राट हिरोहितो यांनाही निदान सांगितलेले नव्हते. तेझुका तर स्वतः डॉक्टर. त्यांच्या अखेरच्या, अपुऱ्या राहिलेल्या ‘निओ फाउस्ट’ या कथेत एका माणसाला जठराचा कर्करोग होतो. डॉक्टर आणि घरचे त्याला खोटा दिलासा देत राहतात, आणि त्याला सारे कळलेले असते. जानेवारी १९८९ मधल्या रोजनिशीत त्यांनी एका नव्या कथेची कल्पना टिपली. तिचाही नायक कर्करोगाचा रुग्ण होता. रुग्णालयातल्या खाटेवरही ते पेन्सिल मागत राहिले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, टोकियोत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर जपानमध्ये बरेच बदलले. जठरातल्या ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूचा शोध लावणाऱ्या वॉरन आणि मार्शल यांना २००५ चे नोबेल मिळाले. जठराच्या कर्करोगाचे हे एक मोठे कारण. खारवलेले पदार्थ आणि धूम्रपान यांनीही धोका वाढतो. २०१३ पासून या जिवाणूमुळे होणाऱ्या जठरदाहावरचा उपचार जपानच्या आरोग्य विम्यात आला. सतत राहणारे अपचन, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, विनाकारण वजन घटणे, काळे शौच, ही लक्षणे अॅसिडिटी म्हणून अंगावर काढू नयेत. वेळीच दुर्बिणीने तपासणी झाली तर लवकरच्या टप्प्यातला हा कर्करोग बरा होऊ शकतो.

रुग्णाला निदान सांगण्याची पद्धतही १९९० च्या दशकात तिथे रुजू लागली. आपल्याकडे आजही नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन, पेशंटला काही सांगू नका, अशी विनवणी करतात. त्यामागे माया असते. पण रुग्णाला बहुधा अंदाज आलेला असतो, आणि मग दोन्हीकडची माणसे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत बसतात. त्यात निरोपाच्या गोष्टी बोलायच्या राहून जातात, अर्धी कामे अर्धीच राहतात. आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे रुग्णालाच हळुवारपणे विचारावे. तेझुका यांना तसे विचारले गेले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याचा अंदाज ‘निओ फाउस्ट’च्या त्या पानांवरून करता येतो.