कार्मेल डोंगरावरील जपान

कै. फेलिक्स टिकोटिन यांचा जन्म १८९३ साली ग्लोगाऊ गावी एका यहुदी कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडात आहे. त्यांचे पूर्वज पोलंडमधील टिकोचिन गावचे. गावावरून आडनाव पडले, जसे आपल्यात पेणकर, नवगावकर. शिक्षण त्यांनी वास्तुशिल्पाचे घेतले. परंतु पहिल्या महायुद्धानंतर ते जपानला गेले आणि तेथील कलेचे जे वेड लागले ते जन्मभर सुटले नाही. १९२७ साली त्यांनी बर्लिनमध्ये जपानी कलावस्तूंचे दालन उघडले.

पुढे हिटलरची राजवट आली. टिकोटिन कुटुंबासह हॉलंडला गेले. पण जर्मन फौजा तेथेही पोहोचल्या आणि सर्वांना लपून राहावे लागले. त्यातून ते वाचले व युद्धानंतर त्यांनी पुन्हा व्यवसाय उभा केला.

१९५६ साली ते प्रथम इस्राएलला आले. आपल्या संग्रहाचा मोठा भाग ह्याच देशात राहावा, असे त्यांनी ठरविले. हैफाचे महापौर आब्बा हुशी यांनी ही गोष्ट मनावर घेतली आणि १९५९ साली कार्मेलवर संग्रहालय स्थापन झाले.

तेच वर्ष वादी सलीबचे. जुलै महिन्यात ह्याच हैफात मोरोक्कोहून आलेले आपले बांधव भेदभावाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. खाली ही स्थिती आणि वर डोंगरावर जपानी चित्रे, हे कोणाला खुपले असेल तर नवल नाही. पण घरे व कामे देणे सरकारच्या हाती होते. टिकोटिन यांच्या दानामुळे ते अडले नव्हते. यहुदी म्हणून ज्याला लपावे लागले, त्याने यहुद्यांच्या देशाला आपल्याजवळचे उत्तम ते दिले, आणि तेही परक्या राष्ट्राचे. आम्हांला हे मोठेपण वाटते.

मध्यपूर्वेत केवळ जपानी कलेला वाहिलेले असे हे एकच संग्रहालय. लाकडी ठशांची रंगीत चित्रे, लाखकाम, मातीची भांडी, तलवारी असे पुष्कळ आहे. आमचे मन मात्र नेत्सुकेवर बसले. किमोनोला खिसा नसतो. म्हणून तंबाखूची पिशवी वा औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला अडकवीत आणि दोरी निसटू नये म्हणून वर हस्तिदंताचे किंवा लाकडाचे बोंड लावीत. आपले आजोबा चंची कनवटीला खोचीत, तशातलाच प्रकार; फक्त जपानी कारागिराने त्या एवढ्याशा बोंडातून उंदीर, कासव, म्हातारा कोरून काढला.

टिकोटिन १९८६ साली वारले. कागदावरील चित्रांचे रंग उजेडाने उडतात, म्हणून ती कायम मांडून ठेवता येत नाहीत. प्रदर्शने बदलत राहतात. तेव्हा एकदा पाहून आलेल्यांनीही पुन्हा जावे.