गिरणगावातून आलेली गोळी

विट्याच्या दवाखान्यात गर्भवतीला मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचे मूळ मुंबईच्या गिरणगावात आहे. डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये इंग्लंडहून तिथे आल्या. कामगार स्त्रियांना गरोदरपणात जीवघेणा रक्तक्षय का होतो, हे त्यांना शोधायचे होते. कारण निघाले निकस आहार. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट. त्याच्याविना पेशींना नवा डीएनए घडवता येत नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात, ती पहिल्या २८ दिवसांतच मिटते. फोलेट कमी पडल्यास उघडी राहू शकते. गोळीने हा धोका घटतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. विल्सबाई १९६४ मध्येच गेल्या होत्या. त्यामुळे गोळी दिवस राहण्याआधीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी.