थोर शास्त्रज्ञ हाफकिन

पोलिओच्या रविवारी आपल्या महागावात लहानग्यांना दोन थेंब पाजतात. असे थेंब मुंबईच्या हाफकिन संस्थेने कितीतरी वर्षे पुरवले. ते हाफकिन कोण, ते ऐका.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस केली व १८९२ साली आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक घरेदारे टाकून पळाले. हाफकिन मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या खोलीत कामाला लागले. प्लेगचे जंतू वाढवायचे आणि उष्णतेने मारायचे. मेलेले जंतू टोचले की शरीर शत्रूला ओळखायला शिकते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ही लस स्वतः टोचून घेतली. ताप भरला, अंग ठणकले, पण बरे झाले. मग भायखळा तुरुंगात राजी असलेल्या कैद्यांना टोचली. न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग कमी झाला.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सारा दोष हाफकिन यांच्यावर आला. नोकरी गेली. पण सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती, आणि ती बाटली गावात उघडताना दूषित झाली होती. १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते वारले.

२०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. पण लहानपणी पोलिओ झालेल्या काही जणांचे हातपाय वीस-तीस वर्षांनी पुन्हा अशक्त होतात. त्यांना निरोगी माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडे शिरेतून देऊन स्वीडन, इटली वगैरे देशांत चाचण्या झाल्या. काहींना थोडा आराम पडला, पण पक्की खात्री अजून झालेली नाही. औषध आधी नीट तपासायचे, मगच सांगायचे, हेच हाफकिन यांनी केले.

म्हणून आईबाबांनो, बाळाचा डोस चुकवू नका. हाफकिन यांना आमचे वंदन!